जतच्या सभेतला हशा लालबागपर्यंत ऐकू आला

शरद पवारांच्या पक्षाला मी आजवर कधी मत दिलेलं नाही. १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पाडण्यापासून ते सिंचनाच्या रखडलेल्या प्रकल्पांपर्यंत आणि लवासापर्यंत त्यांच्या राजकारणावर माझे आक्षेप आहेत, आणि ते मी इथेच अनेकदा मांडलेत. ज्यांना मला पवारभक्त म्हणायचं असेल त्यांनी आधी माझ्या जुन्या पोस्ट वाचाव्यात. आज मला त्यांच्या चेहऱ्यावर चाललेल्या टवाळीबद्दल लिहायचंय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचारात सांगली जिल्ह्यातल्या जतला महायुतीची सभा झाली. सदाभाऊ खोत बोलायला उभे राहिले. पवारांना महाराष्ट्राचा चेहरा बदलायचाय म्हणे, मग काय स्वतःच्या चेहऱ्यासारखा करायचाय का, अशा अर्थाचं ते बोलले. समोर हशा पिकला. मंचावर देवेंद्र फडणवीसही होते. पुढे टीका झाली, महायुतीतच असलेल्या अजित पवारांनी जाहीर निषेध केला, खोतांनी ही गावाकडची भाषा आहे म्हणत दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण मिटलं. म्हणजे नेत्यांपुरतं मिटलं.

पवारांना २००४ साली तोंडाचा कॅन्सर झाला, त्याची शस्त्रक्रिया झाली, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही माहीत आहे. तंबाखू-सुपारीपासून लांब राहा, मी भोगलंय, असं ते स्वतः जाहीरपणे सांगत आलेत. त्यांच्या चेहऱ्यावर विनोद करणाऱ्याला आणि त्यावर हसणाऱ्याला आपण कशावर हसतोय हे पक्कं माहीत असतं. म्हणून "जीभ घसरली" ही चॅनेलवाल्यांची पट्टी मला पटत नाही.

आता माझ्या मामाबद्दल. मामा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होता. खात्यात विडी ओढायला बंदी, म्हणून सगळे तंबाखू मळायचे. गिरणी गेली, तंबाखू राहिली. मग परळला टाटामध्ये ऑपरेशन झालं, खालचा अर्धा जबडा काढला, छातीचं मांस घेऊन गालाला लावलं. आमच्या लालबागमध्ये मामा हा वाद घालण्यासाठी प्रसिद्ध माणूस. रोज सकाळी वाचनालयाच्या फळ्याजवळ चार पेपर वाचणार आणि मग भेटेल त्याला उभा करून सरकारचं काय चुकलं ते सांगणार. ऑपरेशननंतर ओठ जुळेनात, त्यामुळे प, ब, म असलेला प्रत्येक शब्द अडायला लागला. खांद्यावर कायम पंचा, कारण लाळ गळते. हळूहळू त्याने फळ्याकडे जाणं कमी केलं. डॉक्टरांनी बोलण्याचा व्यायाम सांगितला होता. तो खोलीत एकटा करायचा, दार लावून.

जतची ती क्लिप आली त्या दिवसांत आमच्या चाळीच्या गॅलरीत पोरं ती मोठ्या आवाजात लावून हसत होती. वाईट पोरं नाहीत ती. दहीहंडीला, गणपतीला, कुणाच्या मयताला सगळ्यात आधी धावणारी पोरं आहेत. मामा मागेच खुर्चीवर बसलाय हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि फोन खिशात गेला. मामा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याला गिरण्यांच्या जमिनीचं विचारा की." नीट ऐकू येईना म्हणून पोरं जवळ सरकली, तेव्हा त्याने अख्खं प्रकरण सांगितलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, म्हणजे शेड उभ्या होत्या ती जमीन वगळून. शहराच्या आणि गिरणी कामगारांच्या वाट्याला तुकडे आले. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. २००१ ला सरकार कुणाचं होतं? काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं. विचारा पवारांना, तुमचा पक्ष सत्तेत असताना हे कसं झालं?

अख्ख्या प्रचारात पवारांच्या पक्षावर इतका टोकदार प्रश्न मी दुसरा ऐकला नाही. तो विचारणाऱ्या माणसाचा अर्धा जबडा टाटामध्ये राहिलाय.

माझं म्हणणं एवढंच आहे. चेहऱ्यावरची टवाळी पवारांना लागत नाही. ऐंशी ओलांडलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी पुढच्या सभेला निघतो. लागते ती टाटा हॉस्पिटलबाहेर जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या पेशंटला, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लावून थांबलेल्या बाईला, ज्यांच्या नवऱ्यांचे, बापांचे, भावांचे चेहरे तसेच झालेत. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कॅन्सरपैकी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि कुठल्याही स्टेशनबाहेर पुडी मिळते. ही बंदी कागदावर का राहिली, हा सत्तेत आलेल्या प्रत्येक पक्षाला विचारायचा प्रश्न आहे. तो कुणी विचारत नाही, आणि त्या पुडीने बिघडलेला चेहरा मात्र सभेत हशा मिळवायला चालतो. मला याची चीड येते.

हे एकाच बाजूचं पाप आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. फडणवीसांना "टरबूज" म्हणणारे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये ढीगभर आहेत, त्यातले बरेच स्वतःला पुरोगामी म्हणवतात. २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाटेची शपथ, पक्षांची फोडाफोडी, एवढं सगळं समोर असताना तुम्हाला माणसाचं पोट दिसतं? उद्धव ठाकरेंची नोव्हेंबर २०२१ मध्ये मणक्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांच्या मानेच्या पट्ट्यावर मीम आले. मुख्यमंत्री मंत्रालयात किती येतात हा रास्त प्रश्न होता, आणि तो त्या मीमखाली गाडला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर नितेश राणेंनी आदित्य ठाकरेंना पाहून मांजराचा आवाज काढला. शिंदेंच्या दाढीवर बोलणाऱ्यांना सुरत-गुवाहाटीचा खर्च कुणी केला हे विचारायचं सुचत नाही. पुढाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय असणार? टवाळी झाली की त्याला उत्तर द्यावं लागत नाही, उलट सहानुभूती मिळते.

लोक लगेच बाळासाहेबांचा दाखला देतात. ते पवारांना "मैद्याचं पोतं" म्हणायचे, तेव्हा कुणाला राग येत नव्हता. खरं आहे, आणि हेही खरं आहे की २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेवर बिनविरोध गेल्या त्या बाळासाहेबांनी पाठिंबा दिला म्हणून. दोघांची घरं एकमेकांना उघडी होती. पण आजच्या वक्त्यांनी त्यातलं फक्त पोतं उचललं, बिनविरोध पाठवण्याचा मोठेपणा तिथेच ठेवला. आणि मोकळेपणाने सांगायचं तर मला ते तेव्हाही आवडत नव्हतं. बाळासाहेब मूळचे व्यंगचित्रकार होते, मार्मिक त्यांनी १९६० मध्ये काढला. व्यंगचित्रात नाक लांब काढतात ते माणूस ओळखू यावा म्हणून. चित्राचा घाव त्या माणसाने काय केलं यावर पडतो. नुसतं लांब नाक काढून खाली सही केली तर संपादक ते चित्र परत करेल.

टोकदार बोलून लोकांना हसवताही येतं आणि मुद्दाही सुटत नाही, याचा पुरावा याच शहरातल्या माणसाने दिलाय. २०१९ च्या लोकसभेला मनसेचा एकही उमेदवार नव्हता, तरी राज ठाकरेंच्या सभांना माणसं लोटत होती. "लाव रे तो व्हिडिओ" म्हटलं की पडद्यावर सत्ताधाऱ्यांचंच जुनं भाषण यायचं. मेळघाटातल्या हरिसालला डिजिटल गाव म्हणून मिरवणारी जाहिरात दाखवली आणि त्या जाहिरातीतल्या तरुणालाच मंचावर उभं केलं. हशा तिथेही होता. तो दाव्यावर होता, आणि समोरच्या पक्षाला खुलासे करत फिरावं लागलं. त्याच राज ठाकरेंच्या नकला जेव्हा कुणाच्या मानेवर किंवा चालण्यावर जातात तेव्हा मी टीव्ही बंद करते.

बायकांचं तर विचारूच नका. पुरुष पुढाऱ्याच्या शरीरावर अधूनमधून बोललं जातं, बाईच्या शरीरावर रोज. डिसेंबर २०१८ मध्ये राजस्थानात शरद यादव म्हणाले की वसुंधरा राजे थकल्यात, जाड झाल्यात, त्यांना आराम द्या. आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये गुलाबराव पाटलांनी रस्त्यांची तुलना हेमा मालिनींच्या गालांशी केली, मग माफी मागितली. २०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात आमच्याच मुंबईत अरविंद सावंतांनी शायना एन. सी. यांच्या उमेदवारीवर बोलताना "इम्पोर्टेड माल" हे शब्द वापरले आणि गुन्हा दाखल झाला. उमेदवार दुसऱ्या भागातून आणलाय हा मुद्दा लढवण्यासारखा होता. त्यासाठी बाईला माल म्हणावं लागत नाही. अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २०१९ च्या निवडणुकीच्या काळात ९५ महिला नेत्यांना उद्देशून आलेले ट्वीट तपासले, तर दर सातातलं साधारण एक शिवराळ किंवा त्रासदायक निघालं.

पालिकेच्या २२७ जागांपैकी निम्म्या बायकांसाठी राखीव आहेत, २०१२ च्या निवडणुकीपासून. माझ्या ओळखीची एक कार्यकर्ती उभी राहायची तयारी करत होती. रेशनचे अर्ज, पाण्याचा प्रेशर, संडासांची दुरुस्ती, यात तिचं आयुष्य गेलंय. तिचा बॅनर छापून आला तेव्हा तिची आईसुद्धा चटकन ओळखू शकली नाही, फोटो इतका गोरा केला होता. फ्लेक्सवाला म्हणाला, सगळ्यांचा करतो, पक्षाकडून तसंच सांगतात. आणि बॅनर लागल्यावर विरोधकांच्या ग्रुपवर तिचा खरा फोटो आणि बॅनरवरचा फोटो शेजारी शेजारी लावून फिरवला गेला. तिने केलेल्या एकाही कामावर कुणी आक्षेप घेतला नाही, घेताच आला नसता. तिने शेवटी अर्ज भरला नाही. त्या वॉर्डाचं नुकसान मला रोज दिसतं.

याच मुंबईने मृणाल गोरेंना "पाणीवाली बाई" म्हटलं होतं. १९७७ मध्ये त्या लोकसभेत गेल्या आणि इंदिराजी हरल्या, तेव्हाची घोषणा जुनी माणसं अजून सांगतात: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. बोचरी होती, मिश्कील होती, आणि दोन्ही बायकांपैकी एकीच्याही रंगारूपाचा त्यात उल्लेख नव्हता.

उपाय म्हणून पोलिसांना पुढे करू नका. मे २०२२ मध्ये एका अभिनेत्रीने पवारांच्या आजारपणावर घसरणारी कविता फेसबुकवर टाकली. ती कविता मला किळसवाणी वाटली होती. पण एका पोस्टसाठी ठिकठिकाणी गुन्हे दाखल करून महिनाभराहून जास्त तुरुंगात ठेवणं हे त्याहून वाईट होतं, आणि तिच्यावर शाई फेकणाऱ्यांनी पवारांचा कुठला सन्मान राखला ते मला अजून कळलेलं नाही. निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेत आधीच लिहिलंय की टीका धोरण, कार्यक्रम, मागची कामगिरी यांपुरती असावी. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने अपंगत्वावरून हिणवणारी भाषा प्रचारात वापरू नका असं पक्षांना स्वतंत्र कळवलं. कागद तयार आहेत. कमी आहे ती मंचावर बसलेल्या मोठ्या नेत्याची, जो तिथल्या तिथे माईक मागून घेईल आणि म्हणेल, हे आमच्या सभेत चालणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या दिलगिरीला माझ्या लेखी किंमत नाही, कारण हशा आदल्या रात्रीच वसूल झालेला असतो.

या पोस्टखाली पवारांवर, ठाकऱ्यांवर, फडणवीसांवर, शिंद्यांवर हवी तेवढी टीका करा. निर्णय काढा, तारखा काढा, आकडे काढा, मी उत्तर देईन किंवा मान्य करेन. कुणाच्या तोंडावर, पोटावर, रंगावर, आवाजावर कमेंट आली तर ती डिलीट होईल, मग ती माझ्या बाजूच्या माणसाची असली तरी.