वर्षाला एक व्होल्ट? सेकंडहँड रुबिडियमच्या वयाचा हिशेब

मोबाइल टॉवरमधून निघालेले एलपीआरओ-१०१ जातीचे रुबिडियम फ्रिक्वेन्सी स्टँडर्ड (रुबिडियमच्या अणूंच्या आधाराने १० मेगाहर्ट्‌झची नेमकी फ्रिक्वेन्सी देणारं उपकरण) घेणाऱ्यांना एक नुस्खा हमखास सांगितला जातो. लॅम्पच्या (आतल्या रुबिडियमच्या दिव्याच्या) पिनवर मल्टिमीटर लावा. नव्याला १४ व्होल्ट, मेलेल्याला ३. वर्षाला साधारण एक व्होल्ट उतरतो, म्हणजे ८ आले तर माल सहा वर्षं चाललेला. जोडीला दोन पुरावे देतात: लॉक व्हायला (आतला क्वार्ट्झ क्रिस्टल अणूंच्या फ्रिक्वेन्सीशी जुळायला) उशीर लागला की म्हातारा, आणि १० मेगाहर्ट्‌झपासून किती सरकला त्यावरून महिने काढता येतात.

आधी व्होल्टेज. ३ ते १४ ही चालू युनिटची स्वीकार्य मर्यादा आहे, तिची दोन टोकं म्हणजे जन्म आणि मृत्यू नव्हेत. कारखान्यातून निघतानाच प्रत्येक युनिटचा आकडा वेगळा असतो आणि तो आपल्याला माहीत नसतो. शिवाय त्या पिनवर दिसतो तो फोटोडिटेक्टरवर पडणारा प्रकाश. लॅम्प, मधली सेल (रुबिडियमची वाफ असलेली काचेची कुपी), त्यांना गरम ठेवणाऱ्या ओव्हनचं तापमान, सगळ्यांचा त्यात हात असतो.

खरी गोची पुढे आहे. लॅम्पमधलं रुबिडियम हळूहळू काचेत मुरतं. हा ऱ्हास सरळ रेषेत होत नाही, साधारण काळाच्या वर्गमुळाने वाढतो. पहिल्या वर्षी जेवढं मुरलं, त्याच्या दुप्पट व्हायला चार वर्षं लागतात. त्यातही बल्बमध्ये द्रवरूप रुबिडियम शिल्लक असेपर्यंत वाफेचा दाब तापमानावर ठरतो, साठ्यावर नाही. स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवा. ज्योत बघून किती गॅस उरला ते सांगता येत नाही, म्हणून आपण तो हलवून बघतो. लॅम्प हलवून भागत नाही. रुबिडियम ३९ अंशांना वितळतं, आणि वितळायला किती उष्णता लागली ते मोजून प्रयोगशाळेत साठा काढतात. ते मल्टिमीटरचं काम नाही.

माझ्याकडच्या युनिटचा लॅम्प ५ व्होल्ट दाखवत होता. बल्ब काढून हॉट एअर गनने जपून तापवला, काचेवर जमलेलं रुबिडियम हललं, आणि परत बसवल्यावर आकडा ८ वर गेला. नुस्ख्याप्रमाणे माझं नऊ वर्षांचं युनिट दुपारच्या चहापर्यंत सहा वर्षांचं झालं! विकणाऱ्यालाही ही युक्ती येते, एवढं लक्षात असू द्या.

लॉकचा वेळ? बारीक वायर, दमलेला पॉवर सप्लाय, भला मोठा गार हीट सिंक यांपैकी काहीही तो वाढवतं. क्रिस्टल सरकल्यामुळेही लॉक लांबतो, पण तो त्याच्या ट्रिमचा (बारीक जुळणीचा) प्रश्न.

फ्रिक्वेन्सीवरून महिने काढणाऱ्यांचं गणित असं: एजिंग (वयाबरोबर फ्रिक्वेन्सी सरकणं) महिन्याला १०० अब्जात ५ भाग, म्हणजे १० मेगाहर्ट्‌झवर ०.०००५ हर्ट्‌झ. युनिट ०.०१ हर्ट्‌झने चुकलं, तर २० महिने चाललं. भागाकार बरोबर आहे, पण डेटाशीटमधला तो आकडा कमाल मर्यादेचा, रोजच्या चालीचा नव्हे. प्रत्यक्षात घसरण याहून कमी असते, मध्येच दिशाही बदलते. आधीच्या मालकाने ट्रिमचा स्क्रू फिरवला असेल तर सगळा इतिहास पुसला गेला. आणि हवेतला हेलियम काचेतून सेलमध्ये शिरून फ्रिक्वेन्सी हलवतो. युनिट गोदामात बंद पडून असलं तरी.

‘रुबिडियम किरणोत्सारी आहे, ते संपतं’ असंही कुणीतरी म्हणतंच. रुबिडियम-८७ चं अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षं आहे. पुढे चला.

लेबलवरच्या तारखेतून फक्त कमाल वय कळतं. वर्षभर अखंड चाललं तर ८,७६६ तास होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचं युनिट ८७,६६० तासांहून जास्त चाललेलं नसणार. सुट्या भागांच्या कपाटात पडून राहिलं असेल तर शंभर तासही नसतील. आतलं बोर्ड ओव्हनजवळ तपकिरी पडलंय का, थर्मल पेस्ट वाळून खडू झालीय का, हे बघितलं तर ‘खूप’ की ‘थोडं’ एवढं कळतं.

आणि तास कळले तरी उरलेलं आयुष्य कळत नाही. भारताचा दिशादर्शक उपग्रह आयआरएनएसएस-१ए जुलै २०१३ मध्ये उडाला. त्यातली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडल्याचं २०१७ च्या जानेवारीत जाहीर झालं.

मी हल्ली युनिट आलं की तळाचं तापमान, सप्लायचा करंट आणि लॅम्पचा व्होल्टेज वहीत लिहितो, आणि महिन्यातून एकदा त्याच तापमानाला पुन्हा लिहितो. माझ्या त्या ८ व्होल्टवाल्याचं चौथं पान चालू आहे: ७.९.