स्कॉटलंडचे ते घोडे 'प्राचीन अश्वदेव' नाहीत हो

तो फोटो परत फिरतोय, दोन चमकत्या घोड्यांची प्रचंड डोकी आणि खाली 'स्कॉटलंडच्या समुद्रकिनारचे हजारो वर्षं जुने केल्टिक अश्वदेव'. अहो देव कसले आणि जुने कसले! ते फॉलकर्कचे केल्पीज, अँडी स्कॉट या शिल्पकाराने स्टीलमध्ये केलेले, ३० मीटर उंच, २०१३ मध्ये उभे राहिले. तेही बीचवर नाही, फोर्थ अँड क्लाइड कालव्याशेजारी. मॉडेल होते ड्यूक आणि बॅरन नावाचे दोन खरे क्लाइड्सडेल घोडे, कारण असलेच दांडगे घोडे पूर्वी कालव्यातल्या बोटी ओढायचे.

लोककथेतला केल्पी मात्र जुनाच आहे, पण तो देव नाही, घोड्याच्या रूपात येऊन, पाठीवर बसवून माणसाला पाण्यात ओढणारं भूत आहे आणि राहतो नद्या-ओढ्यांत. समुद्रातला आणि तळ्यांतला तो एख-उश्का, असंच घोड्याचं भूत पण जास्त डेंजर. हा देखण्या तरुणाच्या रूपात येतो (म्हणून तर रोमान्सवाल्यांचा लाडका, माझाही), मग मुलगी त्याचे केस विंचरायला लागते आणि केसांत वाळू न् शेवाळ सापडलं की पळत सुटते. जी पळत नाही तिचं फक्त लिव्हर तरंगत वर येतं.