स्वार मोठा की गाडी, हे निकाल लागल्यावर ठरवावं

मोटोजीपी बघायला लागलात, अभिनंदन. क्रिकेटवर बोलणारे बेळगावात पैशाला पासरी मिळतात, मोटारसायकलच्या शर्यतींवर अधिकारानं बोलणाऱ्याला अजून थोडी किंमत आहे. तेव्हा तज्ज्ञ व्हायचं असेल तर हीच वेळ. शर्यती कळल्याच पाहिजेत असं काही नाही. गाडी चालवता येण्याची तर मुळीच गरज नाही. पथ्य एकच पाळायचं. आपला जिंकला तर तो स्वार मोठा, दुसऱ्याचा जिंकला तर त्याची गाडी मोठी. आणि निकाल लागायच्या आत यातलं अवाक्षर काढायचं नाही.

युरोपातली शर्यत आपल्याकडे बहुतेक रविवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू होते. सव्वासहापर्यंत निकाल हातात येतो आणि साडेसहाला कट्टा भरतो. मधला पाव तास तुमचा. त्यात कोण पडला, कोणाचा टायर गेला, कोणाला दंड झाला एवढं पाहून ठेवलं की आठवडाभराची बेगमी झाली.

सराव मार्क मार्केझवर करा, कारण तो दोन्ही बाजूंनी वापरता येतो. २०१३ ते २०१९ या सात वर्षांत त्यानं होंडावर सहा विजेतेपदं घेतली. तेव्हा कट्ट्यावर म्हणायची पद्धत होती, "होंडा हाय मर्दा ती, कोणीबी जिंकंल." मग जुलै २०२०मध्ये स्पेनच्या हेरेझला तो पडला, उजव्या दंडाचं हाड मोडलं, शस्त्रक्रियेवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि तो नसताना तीच होंडा तळाला जाऊन बसली. इथं नवखा माणूस गडबडतो. त्याला वाटतं, आता आपलं म्हणणं मागं घ्यावं लागणार. छे. म्हणायचं, "बघा, त्यानं सगळी गाडी स्वतःपुरती करून ठेवली होती, दुसऱ्याला चालवताच येईना." म्हणजे तो जिंकला ते होंडामुळं, आणि होंडा हरली ती त्याच्यामुळं. पुढं करारातलं एक वर्ष शिल्लक असताना तो होंडा सोडून ग्रेसिनी नावाच्या छोट्या संघाच्या एक वर्ष जुन्या डुकाटीवर गेला, तिथून २०२५ला डुकाटीच्या मुख्य संघात आला आणि त्या मोसमात रविवारच्या अकरा शर्यती जिंकला. कट्ट्याचा निकाल तयारच होता. "डुकाटी हाय ती. तिच्यावर म्हस बसवली तर म्हसबी जिंकंल."

ठीक. पण त्याच लाल डुकाटीवर, शेजारच्याच गॅरेजात फ्रान्सेस्को बान्याया होता. हा काही किरकोळ माणूस नव्हे. २०२२ आणि २०२३चा विश्वविजेता. २०२२ला तर यामाहाच्या क्वार्तारारोपेक्षा ९१ गुणांनी मागं पडलेला असताना त्यानं विजेतेपद ओढून आणलं होतं. २०२५ला हाच बान्याया पाचवा आला. पुढच्या चाकाचा फील येत नाही, ब्रेक दाबून वळणात शिरताना विश्वास वाटत नाही, अशी त्याची वर्षभर तक्रार होती. दुसऱ्या क्रमांकावर कोण? मार्कचा धाकटा भाऊ आलेक्स, तोही आदल्या वर्षीच्या जुन्या मॉडेलवर. म्हशीच्या सिद्धांताला इथं जरा अडचण येते. अशा वेळी चहा मागवावा.

बान्यायाबद्दल अंदाज तर कधीच वर्तवू नका. २०२५च्या सप्टेंबरात, नवरात्रातल्या रविवारी, जपानच्या मोतेगीला त्यानं पहिल्या जागेवरून सुरुवात केली, शनिवारची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, जिंकली आणि रविवारची शर्यतही जिंकली. गाडीतून पांढरा धूर निघत होता, तरी जिंकली. कट्ट्यावर लगेच "पेको परत आला" झालं. पेको म्हणजे हाच बान्याया. पुढच्याच आठवड्यात इंडोनेशियाच्या मांडलिकात तो स्प्रिंटमध्ये सगळ्यांत शेवटी आला आणि मुख्य शर्यतीत पडला. तोच माणूस, तीच गाडी, मध्ये सात-आठ दिवस. याचं कारण डुकाटीच्या अभियंत्यांना ढिगाऱ्यानं आकडे हाताशी असून सापडत नव्हतं. तुम्ही मात्र ते एका वाक्यात सांगायचं. "मनानं खचलाय पोरगा." हे वाक्य प्रत्येक स्वाराला, प्रत्येक मोसमात लागू पडतं.

आता होर्हे मार्टिन. सीमाभागातल्या माणसाला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही, कारण इथं दर निवडणुकीला ते घडतं. मार्टिन डुकाटीच्याच घरातला, पण प्रामाकच्या उपसंघातला. मुख्य संघात जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं राबलेला. जून २०२४मध्ये जागा रिकामी झाली आणि तिकीट मिळालं मार्केझला. मार्टिननं तडकाफडकी पुढच्या मोसमासाठी प्रतिस्पर्धी एप्रिलियाशी करार केला, आणि जाता जाता त्याच वर्षी डुकाटीवरच विश्वविजेता झाला. अधिकृत उमेदवार बान्याया दहा गुणांनी पडला. तिकीट कापलेला बंडखोर निवडून आला आणि विश्वविजेत्यानं गाडीवर लावायचा १ नंबर घेऊन विरोधी पक्षात गेला. फरक एवढाच की डुकाटीच्या तेव्हा आठ गाड्या होत्या आणि त्या वर्षीच्या वीसपैकी एकोणीस शर्यती त्यांनीच जिंकल्या होत्या, त्यामुळं आपसात भांडूनही विजय घरातच राहिला. आपल्याकडं दोन मराठी उमेदवार भांडले की तिसराच गुलाल उधळतो.

त्या वर्षी बान्यायानं रविवारच्या अकरा शर्यती जिंकल्या होत्या, मार्टिननं तीन. तरी विजेता मार्टिन. कारण २०२३पासून शनिवारी निम्म्या अंतराची स्प्रिंट असते आणि तिच्या विजेत्याला १२ गुण मिळतात, रविवारच्या विजेत्याला २५. एक जण अकरा वेळा पहिला येऊन अधूनमधून पडत होता, दुसरा गुपचूप दुसरा-तिसरा येत गुण गोळा करत होता. तुम्ही बान्यायाचे असाल तर स्प्रिंटला "पोरखेळ" म्हणा. मार्टिनचे असाल तर "सातत्य" म्हणा. २०२५ला या सातत्याचं काय झालं ते विचारू नका. मोसम सुरू होण्याआधीच्या चाचणीत पडला, मग सरावात मनगट मोडून घेतलं, कतारला परतला तर तिथं पडून बरगड्या अकरा ठिकाणी मोडल्या. अंथरुणावर असतानाच तो एप्रिलियाचा करार मोडायच्या गोष्टी करू लागला होता. शेवटी राहिला. तोवर संघातला दुसरा स्वार बेझेकी त्याच एप्रिलियावर शर्यती जिंकायला लागला होता, आणि मोसमाअखेर तिसरा आला.

भावाभावांच्या विषयात मात्र जपून. मार्च २०२५मध्ये थायलंडला मोसमाची पहिली शर्यत होती. मार्क पुढं होता, मधेच त्यानं वेग कमी केला आणि आलेक्सला पुढं जाऊ दिलं. आपल्याकडं अनेकांचे डोळे पाणावले, काय ते भावाचं प्रेम. खरी भानगड हवेची होती. पुढच्या टायरमध्ये किमान १.८ बार दाब ठरलेल्या फेऱ्यांत राखावा लागतो, नाहीतर शर्यत संपल्यावर वेळेत सोळा सेकंद वाढवतात. एकटं पुढं पळताना टायरला थंड वारा लागतो आणि दाब उतरतो. दुसऱ्याच्या मागं राहिलं की त्याच्या गाडीची गरम हवा अंगावर येते, टायर तापतो, दाब चढतो. थोरला भाऊ धाकट्याच्या पाठीमागं टायर शेकत बसला होता. शेकून झालं, शेवटी शेवटी पुढं गेला आणि जिंकला. १.८ बार म्हणजे साधारण २६ पीएसआय. आपला पंक्चरवाला स्प्लेंडरच्या पुढच्या चाकात जवळपास तेवढीच हवा मारतो आणि सोळा सेकंदांचा दंडही करत नाही. पण हे कट्ट्यावर सांगायच्या भानगडीत पडू नका. भावाचं प्रेम जास्त खपतं.

इटलीचा जुना विश्वविजेता रॉसी आणि मार्केझ हा विषय निघाला तर घड्याळ काढून ठेवा. २०१५ला मलेशियाच्या सेपांगला दोघं वळणावर एकमेकांना घासत गेले, मार्केझ पडला, रॉसीला दंडाचे गुण मिळाले, शेवटच्या व्हॅलेन्सियाच्या शर्यतीत त्याला सगळ्यांच्या मागून सुरुवात करावी लागली आणि रॉसीच्याच संघातला लॉरेंझो पाच गुणांनी विजेता झाला. रॉसीनं लाथ मारली का, मार्केझनं मुद्दाम अडवलं का, याचा निकाल शर्यतीच्या पंचांनी त्याच दिवशी दिला. कट्ट्याच्या पंचांचा अजून बाकी आहे. २०२५ला डुकाटीच्या घरच्या मुजेलोत, इटालियन लाल गाडीवर जिंकून मार्केझ मंचावर चढला तर खालच्या इटालियन प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. गाडी आमची, स्वार तुमचा, टाळी कुणाला द्यायची? या पेचावर अजून उतारा निघालेला नाही. पुढं मांडलिकात पहिल्याच फेरीत मार्केझला धडक बसली, त्याचा खांदा गेला आणि उरलेला मोसम हुकला. धडकवणारा बेझेकी, रॉसीच्या अकादमीत तयार झालेला. एवढं आयतं खाद्य देवही रोज देत नाही.

रॉसीचा विषय निघालाच आहे तर एक बारीकशी नोंद. २००४ साली तो होंडा सोडून यामाहावर गेला आणि पहिलीच शर्यत जिंकला. त्याच २००४ साली महाराष्ट्र सरकारनं सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. नंतर रॉसी डुकाटीवर गेला, तिथं दोन वर्षांत एकही शर्यत न जिंकता यामाहाकडं परतला, २०२१ला निवृत्त झाला, स्वतःचा संघ घेऊन मैदानात उतरला. दाव्याची तारीख पुढं पडली आहे.

स्टिकरच्या बाबतीत घाई नडते. पल्सरच्या टाकीवर वर्षानुवर्षं रॉसीचा पिवळा ४६ मिरवलात आणि आता तिथं मार्केझचा ९३ हवा असेल तर रेडियमवाला तुम्हाला परावृत्त करील, त्याचं ऐका. हेअर ड्रायरनं तापवून तो ४६ सोलेल, डिंक रॉकेलच्या बोळ्यानं पुसेल, पण आजूबाजूचा रंग उन्हानं उडालेला आणि आकड्याखालचा तसाच ताजा. वरून ९३ डकवला तरी चाराचा पाय बाहेर दिसतच राहतो. संघ बदलणाऱ्या स्वाराला कोट्यवधी मिळतात. तुम्हाला गल्लीतली पोरं विचारतील, "काय भावा, पक्ष बदललास की काय?"

देशाभिमान लागलाच तर साठा भरपूर आहे. बान्यायाचा जागतिक स्पर्धेतला पहिला विजय २०१६ला नेदरलँड्सच्या आसेनला, सगळ्यांत छोट्या गाड्यांच्या मोटो-३ गटात, आणि तो महिंद्राच्या गाडीवर. तेव्हा तो जिंकेल त्या आठवड्यात "आमच्या महिंद्रानं घडवला" म्हणा, हरेल त्या आठवड्यात महिंद्राचं नाव काढू नका. दिवाळखोरीच्या दारात उभ्या असलेल्या ऑस्ट्रियाच्या केटीएमचा ताबा २०२५ला बजाजनं घेतला, म्हणजे केटीएमचा स्वार पेद्रो आकोस्ता पुण्याचाच झाला. चौथा आला, मुख्य शर्यत एकही जिंकला नाही, पण घरच्या पोराला एवढं चालायचंच. सप्टेंबर २०२३मध्ये मोटोजीपी ग्रेटर नोएडाला आली तेव्हा उकाड्यामुळं शर्यतीच्या फेऱ्या २४वरून २१ कराव्या लागल्या, आणि बेझेकी जिंकला. त्याच आठवड्यात प्रक्षेपणात भारताचा नकाशा चुकीचा दाखवला म्हणून आयोजकांनी जाहीर माफी मागितली. नकाशा चुकला तर माफी मागायची असते, ही माहिती निपाणीपासून खानापूरपर्यंत बऱ्याच जणांना नवीन होती.

२०२७ची तयारी आत्तापासून ठेवा. इंजिन १००० सीसीचं ८५० होणार, मिशेलिनच्या जागी पिरेली टायर येणार, गाडी खाली बसवणारी यंत्रणा बंद होणार. म्हणजे आजवरचे सगळे हिशेब रद्द आणि तुमचं आजवरचं चुकलेलं सगळं माफ. जो जिंकेल त्याच्याबद्दल "मी तेव्हाच म्हणालो होतो" हे वाक्य तोंडात तयार असू द्या. कधी म्हणालात हे कुणी विचारत नाही.

राहता राहिला गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट. चार महिने शर्यती पाहिल्या की एखाद्या रविवारी जांबोटीच्या पुढं वळणावर गुडघा टेकवावासा वाटणारच. मोटोजीपीत स्वारांच्या सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे, तुमच्याकडं जीन्स आहे. वळणापलीकडं म्हैस बसलेली असेल, तीच मघाची, डुकाटीवर जिंकणारी. पडलात तर घरी गुडघा दाखवण्याआधी वडिलांना शांतपणे सांगा, "पुढच्या चाकाचा फील येत नव्हता, दोन वेळच्या विश्वविजेत्यालाही येत नाही." वडील उद्यमबागेत फाउंड्रीवर असतील तर ते तुमच्याशी वाद घालत बसणार नाहीत. उकिडवे बसतील, चाक हातानं एकदा गरकन फिरवतील, टायरवरून अंगठा फिरवतील आणि म्हणतील, "गोटा झालाय की रे हा."

गोटा म्हणायचं नाही. स्लिक म्हणायचं. कोरड्या ट्रॅकवर तेच लावतात.