ह्यातला चांगला माणूस कोणता?

सासूबाई साडेनऊला झोपतात. या एका गृहीतकावर मी शुक्रवारची रात्र आखली होती. बायको आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर, हॉलचा दिवा मालवलेला, मांडीवर चिवड्याची वाटी आणि समोर हॉलिवूडचा दिग्दर्शक टॅरँटिनो याचा 'द हेटफुल एट' हा पिक्चर, तिसऱ्यांदा. दहाच्या सुमारास परातीचा आवाज आला.

"झोप लागेना. मटार सोलून ठेवते, उद्या करंज्या करू." त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. "तुमचं चालू द्या हो."

आता अशा वेळी टीव्ही बंद केला, तर जावई काहीतरी भलतंच बघत होता असं ठरतं. आणि चालू ठेवला, तर काय बघत होता ते दिसतंच. मी चालू ठेवला, कारण पडद्यावर तेव्हा बर्फाने माखलेला लाकडी क्रूस होता. कॅमेरा त्याच्यावरून इतका सावकाश मागे येतो, आणि एन्यो मोरिकोनेचं संगीत असं गंभीर वाजत असतं, की सासूबाईंनी मटारच्या हातानेच नमस्कार केला.

"येशूचा आहे वाटतं. छान."

मी 'हूं' म्हणालो. त्या हूंचं प्रायश्चित्त पुढे पावणेतीन तास चाललं.

"वर-खाली काळं का दिसतंय? टीव्ही बिघडलाय का?" नाही, म्हटलं, पिक्चरच तेवढा रुंद आहे. टॅरँटिनोने २०१५ साली हा सत्तर एमएमच्या रुंद फिल्मवर काढला, आणि त्यासाठी १९६६ नंतर कुणी हातही न लावलेली भिंगं धुंडाळून बाहेर काढली. एवढा रुंद पडदा घेतला, म्हणजे आता डोंगर, दऱ्या, घोडदौड, असं कुणालाही वाटेल. थोडा वेळ बर्फातून घोडागाडी जाते खरी. नंतर वादळ येतं आणि सगळी मंडळी अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका दुकानवजा धर्मशाळेत अडकतात, ती शेवटपर्यंत. एक खोली, एक शेगडी, एक कॉफीची किटली. माझ्या बत्तीस इंची टीव्हीवर त्या खोलीची उंची वीतभर उरली होती. पण सासूबाई चष्मा पुसून पुढे सरकल्या.

"ह्यातला चांगला माणूस कोणता?"

मराठी घरात पिक्चरला पहिला प्रश्न हाच असतो, आणि या पिक्चरला त्याचं उत्तर नाही. मी म्हटलं, हा मिशाळ जॉन रूथ, कर्ट रसेल, गुन्हेगार पकडून फाशीला नेतो. इतर लोक इनामासाठी गुन्हेगाराचं प्रेत आणतात, हा जिवंत आणतो, कारण फाशी देणाऱ्यालाही पोट आहे. साखळीने बांधलेली ती डेझी, तिच्यावर दहा हजार डॉलर इनाम आहे. एवढं सांगतोय तोवर रूथने पिस्तुलाच्या मुठीने डेझीच्या डोक्यात हाणली.

"बाईला मारलं त्याने?"

"ती गुन्हेगार आहे, आई."

"म्हणून?"

या जागी मी थिएटरात हसलो होतो. सगळेच हसले होते. टॅरँटिनो तो फटका असा नेमका बसवतो, की हसू सुटल्यावर आपण कशाला हसलो ते कळतं. शेजारी सासूबाई शेंग फोडायची थांबल्या, तेव्हा ते हसू आलंच नाही. चिवडा मात्र घशात अडकला.

धर्मशाळेचं दार त्यांना फार आवडलं. कडी तुटलेली, त्यामुळे आत येणाऱ्याने लाथ घालून दार उघडायचं आणि मग ते दोन फळ्या ठोकून बंद करायचं. दर वेळी आतले सगळे ओरडतात, खिळे ठोका, दोन फळ्या लावा! सासूबाईही तिसऱ्या खेपेला ओरडल्या. आतून बायकोने दार किलकिलं करून विचारलं, "आवाज कमी कराल का दोघं?"

तर आवाज. ही माणसं पुटपुटत बोलतात, तेव्हा अठ्ठावीसवर ठेवावा लागतो. गोळी सुटते, तेव्हा नऊ पुष्कळ. मी अंगठा बटणावर ठेवूनच बसलो होतो, अगदी इनामाची वाट बघत बसलेल्यांसारखा.

आणि मग स्ट्यू आला. मालकीणबाई मिनी गावाला गेल्या आहेत, दुकान मी सांभाळतोय, असं बॉब नावाचा माणूस सांगतो. त्याची कॉफी रूथच्या तोंडात जाते आणि तो तिला नाही नाही ते बोलून किटली पुन्हा स्वतः चढवतो. थोड्या वेळाने सगळे तोच स्ट्यू मिटक्या मारत खातात.

"ह्याने नाही केलेला तो," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"ज्याला साधी कॉफी येत नाही, त्याला भांडंभर कालवण असं जमेल? ती बाई घरातच होती सकाळी. गावाला बिवाला कुठे गेली नाही. आणि जमीन बघा, काहीतरी सांडलंय. बाई असती तर झाडलं असतं."

हे कोडं पिक्चरमधला मेजर वॉरन, म्हणजे सॅम्युअल एल. जॅक्सन, तासाभराने उलगडतो, आणि बरोबर याच स्ट्यूवरून. मी दोनदा पाहून मित्रांना टॅरँटिनो समजावून सांगितला होता. माझं लक्ष संवादांत. खोली एवढी रुंद दाखवण्याचं कारणच हे, की पुढे दोघं बोलत असताना मागे तिसरा काय करतोय ते दिसावं. सासूबाई पहिल्यापासून मागचंच बघत होत्या. चाळीस वर्षं लग्नाच्या पंगती सांभाळलेल्या बाईला बोलणाऱ्याकडे बघायची सवयच नसते.

माझी खरी परीक्षा पुढे होती. मेजर वॉरन म्हाताऱ्या जनरलला त्याच्या मुलाची एक गोष्ट सांगतो. ती गोष्ट सासूबाईंसमोर ऐकायची नाही, ऐकली तर बघायची नाही, आणि टॅरँटिनो दोन्ही करायला लावतो. मला ती येतेय हे ठाऊक होतं. मी रिमोट चाचपला. रिमोट नव्हता. तो मटारच्या टरफलांखाली गेला होता. मी परातीत कोपरापर्यंत हात घातला, तोवर बर्फातला तो उघडा माणूस पडद्यावर आला होता.

"काय शोधताय?"

"मटार."

"कपडे कुठे गेले त्याचे? गारठेल की."

मी काही बोललो नाही. गोळी सुटली, जनरल गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याचा खून बघून मला हायसं वाटलं.

यानंतर कॉफीत कुणीतरी विष घालतं, हे स्वतः टॅरँटिनो आपल्या आवाजात सांगतो, आणि पुढचा पिक्चर म्हणजे रक्ताचा सडा. माझं मत विचाराल, तर इथून पिक्चर थोडा उतरतो. बोलून बोलून जे काटेरी वातावरण तयार केलं, ते बादल्या ओतून वाहून जातं. सासूबाईंना तसं वाटलं नाही. रूथने डेझीच्या अंगावर रक्त ओकलं, तेव्हा त्या "बरं झालं" म्हणाल्या. हळहळल्या त्या गाडीवान ओ.बी.साठी. बिचाऱ्याने कुणाचं काही केलं नव्हतं, फक्त कॉफी प्यायला.

"चांगला होता तो एक," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, पण ते जमिनीवर पडलं होतं.

शेवटी दोन मरणारी माणसं, एक काळा, म्हणजे मेजर वॉरन, एक गोरा, जन्माचे वैरी, पडल्या पडल्या वॉरनने जवळ बाळगलेलं राष्ट्राध्यक्ष लिंकनचं पत्र वाचतात. पत्र खोटं आहे हे दोघांनाही माहीत. गोरा तरी मजकुराचं कौतुक करतो. मला इथे दर वेळी गलबलून येतं, तसं आलंही. सासूबाईंनी परात उचलली.

"घोडे?"

"कुठले घोडे?"

"सुरुवातीला ह्या मेजरने आणि त्या बॉबने तबेल्यात बांधले ते. आता घरात माणूस उरला नाही. त्यांना वैरण कोण घालणार?"

त्या झोपायला गेल्या. मी एक वाजता पिक्चर मागे नेत बसलो, आवाज दोनवर. घोडे आत नेतात ती जागा सापडली, तेवढ्यात आतल्या खोलीतून हलकेच आवाज आला.

"जावईबापू, पाणी तरी ठेवलंय का हो त्यांच्यापुढे?"