शनीला तेल, मला पावती

रविवारी सकाळी दाराच्या फटीतून सोसायटीची पावती आत आली. रुपये दोनशे फक्त. ‘कशाबद्दल’ या रकान्यात सेक्रेटरींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘गच्चीवर धार्मिक विधी व तेल सांडणे’. गेली बारा वर्षं मी भेटेल त्याला सांगत आलोय की शनी हा हायड्रोजन-हेलियमचा गोळा आहे आणि त्याला आपल्याशी काडीचंही देणंघेणं नाही. आणि विधीची पावती फाटली ती माझ्या नावानं.

झालं होतं एवढंच. २०२५ च्या नोव्हेंबरातला शनिवार, अमावस्या नुकतीच सरलेली, थंडीला सुरुवात. सहा इंची आरशाची दुर्बीण गच्चीवर चढवली. किल्लीसाठी अर्ज लागतो, तो दिला होता. फ्लडलाइट दोन तास बंद ठेवावा म्हणून दुसरा अर्ज होता, तो नामंजूर. सेक्रेटरी म्हणाले, “अंधारात कोण काय करतंय ते दिसणार कसं?” यावर काय बोलणार? सोलर हीटर चोरीला जातील अशी त्यांना धास्ती आहे. सातव्या मजल्यावरून दीडशे लिटरची टाकी खांद्यावर घेऊन उतरणारा चोर मला एकदा बघायचाच आहे.

म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत दुर्बीण मांडतो. ज्या गावाचा कुंभमेळा गुरू सिंह राशीत गेल्याशिवाय भरत नाही, त्या गावात गुरू-शनी बघायला टाकीचा आडोसा शोधावा लागतो. पूर्वी गंगापूर धरणाकडे जायचो. आता तिकडेही लॉन्स झाली आहेत आणि लॉन्सवाले लग्नात आकाशात झोत फिरवतात. कुणाचं तरी शुभमंगल होतं आणि माझा देवयानी तारकाविश्वाचा पट्टा पुसला जातो. असो.

आरसा गार व्हायला अर्धा तास ठेवला, शनी धरला, आणि तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. कानटोपी, शाल, हातात स्टीलची किटली. मला वाटलं, चहा. बरं वाटलं.

“शनी आहे का रे यात?”

“आहे ना, काका. या. डोळा लावा, पण हात लावू नका.”

काकांनी आधी चपला काढल्या. मग कानटोपी काढली. मग चष्मा कपाळावर चढवून जो डोळा लावायचा तोच मिटला आणि म्हणाले, “काळोख आहे.” डोळा बदलून दिला. तोवर शनी दृष्टिक्षेत्रातून निघून गेला होता, कारण माझ्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते तशी ती हातानं ढकलत राहावं लागतं. पुन्हा धरून दिला. बराच वेळ शांतता.

“हा शनी नाही.”

“शनीच आहे.”

“हा गोरा आहे. स्तोत्रात काळा सांगितलाय.”

“पिवळसरच असतो, काका.”

“आणि कडं कुठंय?”

इथे माझं चुकलं. मी समजवायला गेलो. म्हटलं, यंदा २३ मार्चला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली. दर तेरा ते सोळा वर्षांनी असं होतं. आत्ताही कडी जवळजवळ आडवीच आहेत. रुंदी पावणेतीन लाख किलोमीटर, पण जाडी बहुतेक ठिकाणी आपल्या इमारतीएवढी. ती कडेनं दिसणार कशी? नीट बघा, मोगऱ्याची कळी सुईत ओवल्यासारखा दिसतोय ना, ती सुई म्हणजे कडी.

काकांनी फक्त तारीख ऐकली.

“२३ मार्च? आणि माझी साडेसाती २९ मार्चला लागली. मेष रास. तेव्हापासून गुडघा, मिक्सर आणि जावई, तिन्ही बिघडलेत.” मग आवाज उतरवून म्हणाले, “अरे, माणूस हातातलं कडं कधी काढून ठेवतो? मारायला उतरायचं असतं तेव्हा.”

खरं सांगतो, क्षणभर मलाही पटलं.

सावरून म्हटलं, “गॅलिलिओलाही असंच झालं होतं, काका. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना दोन गोळे दिसले. १६१२ मध्ये बघतो तर गायब!”

“मग? त्याचं पुढे काय झालं?”

“पुढे... नजरकैदेत गेला.”

“बघ!”

त्यात एकवीस वर्षांचं अंतर होतं आणि कारण वेगळं होतं, हे सांगायला तोंड उघडलं, पण काकांनी किटली उघडली होती. तिळाचं तेल. दुर्बिणीच्या लाकडी बैठकीवर बारीक धार धरून ते पुटपुटायला लागले. मी ओरडलो, “काका, शनी तिकडे वर आहे! प्रकाशाला तिथून यायला सव्वा तास लागतो!”

धार थांबली. “म्हणजे हे दिसतंय ते सव्वा तासापूर्वीचं?”

“हो!”

“मग आत्तापर्यंत निवळलाही असेल,” असं म्हणून समाधानानं उरलेलं ओतलं, चपला घातल्या आणि गेले. कानटोपी माझ्याकडेच राहिली. सोमवारी कळलं, गुडघ्याला उतार आहे.

राग काकांचा येत नाही. फार नाही येत. पण फ्लडलाइट रात्रभर जळतो त्याची पावती कुणाच्या नावानं फाटते? गणपतीत, नवरात्रात गच्चीवर रात्री बारापर्यंत स्पीकर चालतो तेव्हा हा रकाना कुठे जातो? एक माणूस गप्प उभा राहून वर बघतो, तर त्याचा अर्ज, त्याची किल्ली, त्याचा दंड. सेक्रेटरींना जाऊन विचारलं, तर म्हणाले, “तेल दुर्बिणीखाली होतं. दुर्बीण कुणाची?”

बैठक दोनदा साबणानं पुसली. वास जात नाही. आणि आता ती इतकी सुळकन फिरते की बोट लावलं तरी शनी मागे राहतो.

काल जिन्यात काका भेटले. कानटोपी परत दिली, पावतीही दाखवली. पावती त्यांनी चष्मा वर करून नीट वाचली, घडी घालून माझ्याच खिशात ठेवली.

“पुढच्या शनिवारी काकूला घेऊन येतो. तिला राहू बघायचाय.”

“राहू दिसत नाही, काका. तो ग्रहच नाही. आकाशातला नुसता एक बिंदू आहे, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तिथला.”

“तुझ्या दुर्बिणीतूनही नाही?”

“कुठल्याच दुर्बिणीतून नाही.”

काकांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. “सहा इंचीच आहे ना,” म्हणाले.