नैरोबीतल्या मामा, त्यांची वही आणि उसनी म्हटली जाणारी श्रद्धा

शाळेच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला. आफ्रिकेतल्या कुठल्याशा चर्चमध्ये पाद्री लोकांच्या कपाळाला हात लावतो आणि माणसं धडाधड खाली पडतात. त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. एका जुन्या मित्राने लिहिलं होतं, "गोरे गेले, पण जाताना यांच्या डोक्यात बायबल ठेवून गेले. उसना देव घेऊन नाचतायत." मी अकरा वर्षं नैरोबीत राहतोय. ग्रुपवर दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, पण ते दोन ओळींत मावेना. म्हणून इथे लिहितोय.

आमच्या ऑफिसात एक मामा आहेत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि वयाने मोठ्या कुठल्याही बाईला मामा म्हणायची इथे रीत आहे. पहिले काही महिने मला ते जिभेवर घेता येत नव्हतं, कारण माझा मामा पंचवटीत किराणा दुकान चालवतो. या मामा आमच्या स्टोअरचं रजिस्टर सांभाळतात आणि त्यांच्या चर्चमधल्या बायकांच्या मंडळाच्या खजिनदार आहेत. गावाकडे शेती, नैरोबीत दोन खोल्या, एक मुलगी युनिव्हर्सिटीत.

२०२१ च्या मे महिन्यात नाशिकला माझे वडील गेले. दुसरी लाट होती. केनियाने १ मेपासून भारताची विमानं बंद केली होती. भावाने व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेवढंच माझ्या वाट्याला आलं. त्या संध्याकाळी मी घरात एकटा होतो, बायको-मुलं नाशिकलाच अडकलेली. दहाला कर्फ्यू लागायचा. साडेसातला दारावर टकटक झाली. मामा, आणि त्यांच्या मंडळातल्या आणखी तिघी. तोंडाला मास्क, हातात पिशव्या. पिशव्यांत साखर, चहापत्ती, मक्याचं पीठ, दूध. "पोले साना," म्हणाल्या, म्हणजे तुमच्या दुःखात आम्ही आहोत. कुणी मला उपदेश केला नाही. येशूला शरण ये, असं कुणी म्हणालं नाही. एकीने स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. मग त्यांनी हळू आवाजात किकुयू भाषेत गाणं म्हटलं, आणि मामांनी स्वाहिलीत प्रार्थना केली. मधेच थांबून मला विचारलं, वडिलांचं नाव काय? मी सांगितलं. त्यांना ते नीट उच्चारता येईना. दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं, आणि मग देवासमोर ते नाव बरोबर घेतलं.

निघताना मामांनी पर्समधून एक शाळकरी वही काढली. रेघा मारलेल्या, नावं, पुढे आकडे. मंडळातल्या बायकांनी एम-पेसावर, म्हणजे इथल्या मोबाईलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर, शंभर, दोनशे, पाचशे असे पाठवलेले. एकूण १८,४०० शिलिंग. "तुमच्याकडेही लोकांना जेवू घालतात ना?" मी हो म्हणालो, तेराव्याला. "मग त्यासाठी." सही घेतली आणि गेल्या. त्या पैशांत आणखी थोडी भर घालून भावाने नाशिकमध्ये तेराव्याच्या दिवशी कोविड वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना जेवण दिलं. माझ्या वारकरी वडिलांच्या तेराव्याचं अन्न किकुयू ख्रिस्ती बायकांच्या वहीतून आलं, हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलं नव्हतं.

२०१९ च्या जनगणनेत केनियात सुमारे ८५ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं. पण या आकड्यावरून तिथल्या रोजच्या जगण्याची कल्पना येत नाही. सकाळी कामावर येताना मटाटूच्या, म्हणजे इथल्या खाजगी मिनीबसच्या, मागच्या काचेवर स्तोत्रातली ओळ असते. फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगची मुलं गोदामाच्या कोपऱ्यात पंधरा मिनिटं प्रार्थनेला जमतात. "ब्वाना असिफिवे," प्रभूची स्तुती असो, असं म्हटलं की पलीकडून "अमिना" येतं, जसं आपल्याकडे रामराम म्हटलं की रामराम येतं. उद्या भेटू म्हणताना "मुंगु अकिपेंदा" जोडायचं, देवाची इच्छा असली तर. आणि महिन्यातून एखाद्या शुक्रवारी केशा, म्हणजे रात्रभराची प्रार्थना. मी एकदा मामांबरोबर गेलो होतो. पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे बाकड्यांवर शालीत गुंडाळलेली झोपलेली पोरं, आणि पहाटे तीनला सगळे उभे राहून टाळ्यांच्या ठेक्यावर गात होते. कुणाच्या मुलाची फी, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाची बायोप्सी, हे सगळं मोठ्याने, नाव घेऊन. मला एकादशीच्या जागरात आजीच्या मांडीवर पेंगणारा मी आठवलो.

आता "उसना देव" या शब्दाकडे येतो, कारण तोच मला लागला.

मोंबासा बेटावरून न्यालीचा पूल ओलांडून उत्तरेकडे निघालं की केंगेलेनी नावाचा चौक लागतो. केंगेले म्हणजे घंटा. तिथे खरोखरच एक जुनी घंटा आहे. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की वस्तीला सावध करायला ती वाजवत. ती वस्ती म्हणजे फ्रेअरटाउन, १८७५ च्या सुमारास मिशनने मुक्त झालेल्या गुलामांसाठी वसवलेली. मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रेअरचं नाव तिला दिलं. आणि तिथे पहिल्यांदा येऊन राहिलेल्यांत जवळपास दीडशे आफ्रिकी माणसं नाशिकहून आणि मुंबईहून आली होती.

मी नाशिकच्या शरणपूर रोडवर वाढलो. तिथल्या जुन्या चर्चच्या भिंतीला टेकून क्रिकेट खेळलो. मला कुणीही कधी सांगितलं नाही की एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली, त्यातली आफ्रिकी पोरं मुंबईला उतरवली, आणि त्यातली कित्येक आमच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. पूर्व आफ्रिकेत त्यांना "बॉम्बे आफ्रिकन" म्हणत. त्यांच्यातला जेकब वेनराइट हा नाशिकचा विद्यार्थी. १८७३ मध्ये आजच्या झांबियात डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रसिद्ध मिशनरी-संशोधक मेला, तेव्हा त्याचं हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. मग त्याच्या सोबत्यांनी ते शव महिनोन् महिने खांद्यावर वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणलं. त्या सोबत्यांतला चुमा मुंबईत शाळा शिकलेला. अंत्ययात्रेचा सोहळा लंडनमध्ये झाला आणि नाव लिव्हिंगस्टनचं राहिलं, पण वाट तुडवली ती या लोकांनी.

विल्यम जोन्सची गोष्ट मला त्याहून जास्त भिडते. तोही मुक्त केलेला गुलाम, शरणपूरला शिकलेला. मोंबासाजवळच्या रबाईला त्याने वर्षानुवर्षं काम केलं. मालकाकडून पळून आलेले गुलाम आसऱ्याला यायचे तेही रबाईलाच. १८८५ मध्ये त्याला धर्मसेवेची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाला, जोन्स त्याच्या काफिल्यात होता. बिशप वाटेत मारला गेला. उरलेल्या माणसांना घेऊन जोन्स परत रबाईला आला तेव्हा पुढे निळ्या कापडाचं निशाण होतं, त्यावर एकच शब्द: इखाबोद. बायबलमधला शब्द आहे, वैभव निघून गेलं असा त्याचा अर्थ. स्वतःच्या दुःखासाठी त्या ग्रंथातून नेमका शब्द उचलणाऱ्या माणसाला उसन्या देवाचा भक्त कसं म्हणायचं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

पुढचा इतिहासही असाच. १९२९ मध्ये किकुयू मुलींच्या सुंतेवरून मिशन आणि लोक यांच्यात मोठा संघर्ष पेटला. सुंतेची प्रथा क्रूर होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या भांडणातून हजारो किकुयू मिशनमधून बाहेर पडले, आणि त्यांनी बायबल खाली ठेवलं नाही. ते बरोबर घेऊन त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या, स्वतःची चर्चेस काढली. त्याच सुमाराला अकोरिनो पंथ वाढला. डोक्याला पांढरा फेटा, हातात ढोल. रविवारी आमच्या गल्लीतून त्यांची रांग जाते. लिजिओ मारिया हा लुओ लोकांतला पंथ १९६० च्या दशकात कॅथलिक चर्चमधून वेगळा झाला, त्यांचे झगे आणि जपमाळा दिसल्या की रस्त्यावरची गर्दी बाजूला होते. गोऱ्या पाद्र्यांनी हे काही शिकवलेलं नव्हतं, उलट त्यांचा त्याला विरोध होता.

मित्राचा राग पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये किलिफी जिल्ह्यातल्या शाकाहोलाच्या जंगलातून प्रेतं निघायला लागली. उपाशी राहून मेलात तर येशू भेटेल, असं सांगणाऱ्या पाद्र्याचे अनुयायी. आकडा चारशेच्या वर गेला. त्यात लहान मुलं किती होती हे वाचून मी त्या आठवड्यात जेवू शकलो नाही. मामांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ गप्प बसून राहिल्या. आमच्याच ऑफिसातल्या एका पोराने एका मोठ्या चर्चमध्ये दोन महिन्यांचं घरभाडं "म्बेगू" म्हणून दिलं. म्बेगू म्हणजे बी. पेराल तर शंभरपट उगवेल, असं व्यासपीठावरून सांगतात. उगवलं काहीच नाही. मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपांचे फोन मात्र माझ्या टेबलापर्यंत आले, कारण त्याने हमीसाठी माझा नंबर दिला होता. हे पाप आहे. गरिबाच्या आशेवर धंदा करणारा माणूस, तो कुठल्याही धर्माचा असो, मला सहन होत नाही.

पण मित्राला जे दिसत नाही ते असं की या पापावर सगळ्यात मोठ्याने ओरडणारी माणसं चर्चच्या आतलीच आहेत.

या देशात चर्चने सत्तेशी दोन हात केलेले आहेत. राष्ट्राध्यक्ष मोई यांच्या काळात तोंड उघडणं धोक्याचं होतं, तेव्हा तिमथी न्जोया हा प्रेस्बिटेरियन पाद्री १९९० च्या नव्या वर्षाच्या प्रवचनात एकपक्षीय राजवटीबद्दल उघड बोलला. एल्डोरेटचे बिशप अलेक्झांडर मुगे यांना एका मंत्र्याने धमकी दिली की बुसियाला आलात तर जिवंत परत जाणार नाही. ते गेले, आणि परत येताना रस्त्यावरच्या अपघातात मेले. १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या आया उहुरू पार्कमध्ये उपोषणाला बसल्या, पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी मथाई त्यांच्याबरोबर होत्या. पोलिसांनी मारून हाकललं, तेव्हा शेजारच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलने दार उघडलं. त्या आया जवळपास वर्षभर तिथे राहिल्या. मामा तेव्हा तरुण होत्या. त्या सांगतात, शहरातल्या बायका घरून डबे नेऊन द्यायच्या.

मग हीच चर्चेस ढिली पडली. २००७ च्या निवडणुकीनंतरच्या दंगलीत काहींनी आपापल्या जमातीची बाजू धरली, आणि पुढे चर्च परिषदेलाच जाहीर माफी मागावी लागली. राजकारणी रविवारी पुढच्या रांगेत बसू लागले, नोटांची बंडलं देऊन माईक हातात घेऊ लागले.

हे मोडलं ते पोरांनी. २०२४ च्या जूनमध्ये नव्या करांविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या जेन-झी मुलांनी संसदेबरोबर चर्चलाही जाब विचारला: पुढाऱ्यांचे पैसे कुणाचे आहेत, आणि तुम्ही ते का घेता? २५ जूनला गोळ्या झाडल्या गेल्या, मुलं मेली. मामांची मुलगी त्या दिवशी शहरात होती. रात्री नऊपर्यंत तिचा फोन लागत नव्हता. मामा मंडळातल्या बायकांसोबत गुडघ्यांवर होत्या आणि मी ऑफिसच्या गाडीत, हॉस्पिटलांच्या दारांवर. पोरगी घरी आली ती डोळे सुजलेली, अश्रुधुराचा वास अंगाला.

त्याच नोव्हेंबरात कॅथलिक बिशपांनी सरकारवर खोटेपणाचा आरोप केला. लगोलग राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी नैरोबीतल्या सोवेटो भागातल्या एका कॅथलिक चर्चला २६ लाख शिलिंग दिले, आणखी देण्याचं कबूल केलं. नैरोबीच्या आर्चबिशपनी ते परत पाठवले. मला आठवतंय, त्या दुपारी फॅक्टरीत पॅकिंगच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या, फुटबॉलची मॅच जिंकल्यासारख्या. सगळीकडे असं झालेलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये नैरोबीतल्याच रॉयसांबूच्या एका चर्चला रुटो यांच्याकडून २ कोटी शिलिंगची देणगी मिळाली, आणि पुढच्याच रविवारी तरुण मुलं तिथल्या रस्त्यावर उतरली.

ही मुलं देव सोडून गेलेली नाहीत. ज्याला देवाचं काही पडलेलं नसतं तो देवळाच्या दानपेटीचा हिशोब मागत नाही, तो पुढे निघून जातो. मामांच्या मुलीने गेल्या महिन्यात त्यांच्या चर्चच्या सभेत उभं राहून विचारलं की इमारत निधीत किती आले, किती गेले, आणि हे फळ्यावर का लावत नाही. म्हाताऱ्या मंडळींना ते उद्धट वाटलं. मामा घरी येऊन दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलली. पण आमच्याकडे हिशोब कसा मांडायचा ते कुणाला येत नाही. तुम्ही अकाउंट्सवाले."

शनिवारी त्या येणार आहेत. मंडळाच्या सहा वर्षांच्या वह्या, एम-पेसाची स्टेटमेंटं आणि मुलगी, तिघांना घेऊन. २०२१ ची वहीही त्यात असेल, माझ्या सहीसकट. जमाखर्चाचा तक्ता मी आखून ठेवलाय. चहा या वेळी मी करणार.