लेबल बाहेरच्या बाजूला ठेवा

सगळ्यात आधी ती सुटी चहापूड बंद करा. चांगली लागते, मान्य. पण आमच्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतनं कागदात बांधून आणलेली पुडी ओट्यावर पडलीय आणि नेमके त्याच वेळी पोरीच्या सासरचे दारात उभे, असं झालं तर तीस वर्षं जपलेली पत त्याच पुडीत गुंडाळली जाते. ब्रँडचे जादा पैसे चवीसाठी नसतातच मुळी. ‘हे कुठलं हो?’ असं कुणी विचारलं तर मान खाली घालावी लागू नये, त्याचे ते पैसे.

मिठाचं मात्र अवघड होऊन बसलंय. खायचं मीठ आयोडीनयुक्तच विकायचं असा नियम आहे आणि दुकानातल्या पुड्यात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावंच लागतं. स्वस्त पुड्याला तोच नियम, महागालाही तोच. मग श्रीमंती दाखवायची कुठं? त्यासाठी गुलाबी मीठ निघालंय, ते घ्या. खारट तेवढंच लागतं, पण निदान रंग तरी दिसतो.

औषधाच्या बाबतीत तर काटकसरीचा विचारसुद्धा मनात आणू नका. मी आणला आणि पस्तावलो. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. ऐन पावसात एका संध्याकाळी गोळ्या संपल्या, नेहमीचं दुकान बंद, म्हणून जनऔषधी केंद्रात शिरलो. काउंटरवरची पोरगी म्हणाली, “काका, औषध हेच आहे.” पैसे दिले, तर एवढे सुटे परत आले की तिचा हिशेब चुकला असं समजून मी पुन्हा विचारलं. तिला सवय असावी, ती नुसती हसली.

घरी येऊन भिंग काढलं आणि जुनी पट्टी, नवी पट्टी शेजारी-शेजारी ठेवली. औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचा नियम २०१८ साली आला, त्यामुळं दोन्हीकडं अ‍ॅम्लोडिपिन ठळक. इथवर ठीक होतं. मग मी जुन्या पट्टीची पाठ वाचली. ज्या कंपनीवर इतकी वर्षं देवासारखा विश्वास टाकला ती गोळी करतच नव्हती, नुसती विकत होती. करणारा कारखाना भलत्याच नावाचा, तिकडं हिमाचलात बद्दीला. म्हणून सांगतो, पट्टी कधी उलटी करून बघू नका. त्या रात्री माझा रक्तदाब वाढला तो गोळीमुळं नव्हे.

आणि अ‍ॅम्लोडिपिनचं पेटंट तर केव्हाच संपलंय, मूळ कंपनीचा मक्ता उरलेला नाही. म्हणजे माझी महागडी गोळीही जेनेरिकच, फक्त बारसं झालेली. पण हे रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींत बोलायचं नाही. तिथं फक्त एवढंच म्हणायचं, “जेनेरिकनं गुण येत नाही बघा.” कुणाला गुण आला नाही, कधी, कशाचा, असं विचारणारा अजून तिथं भेटलेला नाही. (थट्टा बाजूला ठेवून एकच सांगतो: फिट्सच्या किंवा थायरॉईडच्या गोळीची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, स्वस्ताकडं नको आणि महागाकडंही नको. तिथं डोसातला थोडा फरकही बाधतो.)

पोराला जुलाब लागले तर साडेवीस ग्रॅमची ती ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवत बसणं म्हणजे अगदीच गरिबी. रंगीत खोक्यातलं गोड पेय बरं होतं, स्ट्रॉसकट मिळायचं. पण अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरात अशा पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ हे शब्दच काढायला लावले. सरकारला ब्रँडची कदरच नाही.

कदर शिकायची तर परदेशाकडनं. माझी आत्ती जन्मभर कापशीचं पायताण, म्हणजे कोल्हापुरी चप्पल, वापरत आली. चामड्याच्या वादीनं शिवलेलं, खिळा नसलेलं, नवं असताना कर्रकर्र वाजणारं. ती बोळात शिरली की आम्ही पोरं अभ्यासाला बसायचो. चप्पल लाईनीत घासाघीस करून ती शेवटचे वीस रुपये कमी करून घ्यायचीच. त्या पायताणाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांत वाटून. आम्हाला काही फरक पडला नाही, घासाघीस चालूच. मग जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या महागड्या इटालियन ब्रँडनं तसल्याच चपला पुरुषांच्या पायात घालून फिरवल्या, कोल्हापूरचं नावसुद्धा न घेता. आरडाओरडा झाला, प्रेरणा कुठली ते त्यांनी कबूल केलं आणि डिसेंबरात जाहीर केलं, २,००० जोड करणार, जोडाला साधारण ८०० युरो. आत्ती असती तर म्हणाली असती, “सातशेला दे.” तुम्ही मात्र असलं करू नका. चप्पल लाईनीत कारागिराशी जरूर वाद घाला, युरोपियन दुकानात गप्प राहा.

राहता राहिली चटणी. आमच्याकडं मे महिन्यात वर्षाची चटणी कांडायला डंकावर रांगा लागतात. ब्याडगी रंगाला, जवारी मिरची तिखटाला, वर खोबरं, तीळ, धणे आणि लसूण. सबंध गल्ली शिंकत असते. पंधरा दिवस हाताची आग जात नाही. त्या बरणीवर कुठलं नाव नसतं, आणि घरात तिला कुणी ‘कोल्हापुरी’ म्हणत नाही. नुसती चटणी. ‘कोल्हापुरी’ व्हायला तिला पुण्याच्या पुढं जावं लागतं.

गेल्या दिवाळीला पुण्याच्या पुतण्यानं आम्हाला भेट पाठवली. चकचकीत खोकं, सोनेरी अक्षरं, ‘अस्सल कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला’, दोनशे ग्रॅम. पाठीवर लसूण पावडर, कांदा पावडर आणि भलत्याच जिल्ह्याचा पत्ता. हिनं तो पुडा शोकेसमध्ये मांडलाय, लेबल बाहेरच्या बाजूला. पाव्हणे आले की त्यांचं लक्ष आधी तिकडंच जातं आणि “वा, हा तर भारीतला दिसतोय,” असं म्हणत ते जेवायला बसतात. पुडा अजून फोडलेला नाही. रस्सा बरणीतलाच.